५० लिटरची पिशवी, ३० दिवस

बॅच संपली की आम्ही सगळे हुश्श करायचो. १२ वर्षं मी स्टीलच्या टाक्यांवर काढली आणि त्या कामाला एक ठरलेली लय होती. टाकी धुवायची, वाफेने निर्जंतुक करायची, पेशी सोडायच्या, १४ दिवस त्यांना खाऊपिऊ घालायचं आणि शेवटच्या दिवशी सगळा माल एकदम काढायचा. मग तो गाळा, शुद्धीकरणाच्या कॉलमवरून न्या, थंड खोलीत ठेवा, चाचण्यांचे निकाल येऊ द्या, पुढची पायरी परवा. दर दोन पायऱ्यांमध्ये एक साठवणटाकी असायची. त्या टाकीत प्रथिनाबरोबर आमची झोपही जपून ठेवलेली असायची, हे मला ती टाकी गेल्यावर कळलं.

नवं काम असं होतं: ५० लिटरचा डिस्पोजेबल बायोरिॲक्टर, म्हणजे पेशी वाढवायची पिशवी, ३० दिवस अखंड चालवायचा, त्यातून रोज बाहेर पडणारी अँटिबॉडी तिथल्या तिथे शुद्ध करायची, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्टीलचं एकही भांडं उत्पादनाला लावायचं नाही. पिशव्या, नळ्या, प्लॅस्टिकचे फिल्टर आणि भरून आलेले छोटे कॉलम, एवढाच संसार.

कागदावरचा हिशेब मोहात पाडणारा होता. पेशी मिलिलिटरमागे ६ कोटींवर स्थिर ठेवायच्या. दिवसाला रिॲक्टरच्या दीडपट, म्हणजे ७५ लिटर ताजं माध्यम (पेशींचं पोषक द्रव) आत आणि जवळपास तेवढाच द्रव बाहेर. त्या द्रवात लिटरमागे साधारण १ ग्रॅम अँटिबॉडी. पहिले ६ दिवस पेशी वाढवण्यात गेले तरी उरलेल्या २४ दिवसांत पावणेदोन किलोच्या आसपास माल. आमच्या जुन्या पद्धतीत तेवढ्यासाठी ५०० लिटरची टाकी लागे. या हिशेबात एक गोष्ट लोक हळूच बाजूला सारतात, ती मी आधीच सांगून टाकते. ५०० लिटरच्या टाकीला ५०० लिटर माध्यम आणि वरून थोडं खाद्य पुरतं. इथे तेवढ्याच मालासाठी १८०० लिटर लागतं. रिॲक्टर लहान होतो, पण माध्यम बनवणाऱ्या खोलीचं काम वाढतं. तिथल्या लोकांना या प्रकल्पाचं आमच्याइतकं कौतुक नव्हतं.

पद्धत मुळात नवी नाही. हिमोफिलियाच्या रुग्णांना लागणारं फॅक्टर आठ हे प्रथिन इतकं नाजूक की ते ३७ अंशांच्या उबेत दोन आठवडे पडून राहिलं तर खराब होतं. म्हणून ते १९९० च्या दशकापासून अखंड पद्धतीने बनवलं जात आलंय: पेशी आत ठेवायच्या आणि प्रथिन तयार होईल तसं बाहेर काढायचं. पिशवीत पेशी वाढवण्याची कल्पनाही त्याच दशकातली. विजय सिंग यांनी हेलकावणाऱ्या फळीवर फुगवलेली पिशवी ठेवून लाटांनीच माध्यम ढवळून दाखवलं. आमच्या बियाण्याच्या पेशी आजही तशाच पिशवीत डुलत वाढतात. आमच्यासाठी नवं होतं ते हे दोन्ही एकत्र आणून पुढच्या शुद्धीकरणाला न थांबता जोडणं.

पहिला प्रयत्न सहाव्या दिवसापर्यंतही गेला नाही. पेशी वाढेचनात. त्याच पेशी फ्लास्कमध्ये रोज दुप्पट होत होत्या आणि पिशवीत जेमतेम तग धरून होत्या. तापमान, आम्लता, ऑक्सिजन, सगळं जागच्या जागी. आम्ही चार दिवस पंखा आणि बुडबुडे सोडणारा स्पार्जर यांच्यावर संशय घेत बसलो. शेवटी एका सहकाऱ्याने नुसतं माध्यम त्या पिशवीत तीन दिवस उबेत ठेवलं आणि मग ते फ्लास्कमधल्या पेशींना दिलं. फ्लास्कमधल्याही पेशी मंदावल्या. दोष पिशवीतून येत होता.

यामागची गोष्ट २०१३ मध्येच प्रसिद्ध झालेली आहे. पिशवीचा आतला थर पॉलिथिनचा असतो आणि तो टिकावा म्हणून त्यात अँटिऑक्सिडंट घालतात. पिशवी निर्जंतुक करायला तिच्यावर गॅमा किरण सोडतात, तेव्हा एका प्रकारचं अँटिऑक्सिडंट मोडतं आणि त्यातून एक फॉस्फेट संयुग तयार होतं. ते माध्यमात उतरलं की अगदी कमी प्रमाणातही पेशींची वाढ रोखतं. म्हणजे प्लॅस्टिक जपणारं रसायन आणि जंतू मारणारे किरण, दोघांनी मिळून आमच्या पेशींचा घात करावा! आम्ही फिल्मचा प्रकार बदलला आणि तेव्हापासून पिशव्यांचा प्रत्येक लॉट आधी पेशींवर चाखून बघतो. स्टीलच्या टाकीबद्दल असला प्रश्न मला १२ वर्षांत एकदाही पडला नव्हता. तिथे माझी भांडणं गंज आणि गॅस्केट यांच्याशी.

दुसऱ्या प्रयत्नाची तयारी करताना मी जोड मोजले. स्टीलच्या प्लांटमध्ये पाइप वेल्ड केलेले असतात. ते एकदा तपासले की वर्षानुवर्षं तसेच राहतात. इथे प्रत्येक रनसाठी सगळं नव्याने जुळवायचं. नळी नळीला वितळवून जोडायची, नाहीतर दोन निर्जंतुक कनेक्टर समोरासमोर लावून मधल्या दोन्ही पट्ट्या एका दमात ओढून काढायच्या. माध्यमाची २०० लिटरची पिशवी अडीच दिवसांत संपते, की नवा जोड. बफर संपलं, की नवा जोड. ब्लीडची, म्हणजे काढून टाकलेल्या जादा पेशींची पिशवी भरली, की आणखी एक. ३० दिवसांचे मिळून माझ्या यादीत १४० जोड भरले. त्यातला प्रत्येक जोड कोणीतरी हाताने करणार होतं आणि त्यातले निम्मे रात्रपाळीत येणार होते.

पेशी मात्र या वेळी छान वाढल्या. सहाव्या दिवशी ६ कोटींचा आकडा गाठला. रिॲक्टरला लागून एक पोकळ तंतूंचा फिल्टर उभा असतो आणि त्याच्या तळाशी एक पडदा खालीवर होत पेशींचं द्रावण तंतूंमधून आत-बाहेर ढकलत राहतो. त्याला आम्ही एटीएफ म्हणतो. तंतूंच्या छिद्रांतून प्रथिन पलीकडे जातं, पेशी अलीकडेच राहतात, आणि उलटसुलट वाहण्यामुळे छिद्रं लवकर बुजत नाहीत. त्याचा फुस्स-फुस्स आवाज दर काही सेकंदांनी येत राहतो. दोन दिवसांत तो ऐकूही येईनासा होतो आणि मग बंद पडला तरच कान टवकारतात.

पेशी वाढतच राहतात, म्हणून आकडा स्थिर ठेवायला रोज थोडा भाग पेशींसकट काढून टाकावा लागतो. हाच तो ब्लीड. किती काढायचा ते एक विद्युत प्रोब सांगतो. ज्या पेशीचं आवरण शाबूत आहे तीच विद्युतभार धरून ठेवते, त्यामुळे मेलेल्या पेशी त्याच्या मोजणीत येतच नाहीत. मला सगळ्या उपकरणांत हा प्रोब सर्वांत लाडका. दिवसातून एकदा नमुना काढून मोजण्याच्या जमान्यातल्या बाईला मिनिटामिनिटाला जिवंत पेशींचा आलेख दिसतो, तेव्हा ती तासभर त्याच्याचकडे बघत बसते. एवढ्या दाटीत ऑक्सिजन पुरवायला बारीक बुडबुडे सोडावे लागतात, बुडबुड्यांनी फेस येतो, फेसाला मारायला घातलेलं द्रव फिल्टर बुजवतं. इकडे आड तिकडे विहीर. आम्ही फेसरोधक थेंबाथेंबाने आणि मनावर दगड ठेवून घालत होतो.

शुद्धीकरणाची पहिली पायरी म्हणजे रहाटगाडगं. एक गाडगं भरतंय, एक रिकामं होतंय, एक खाली चाललंय, तसे आमचे अँटिबॉडी धरून ठेवणाऱ्या प्रोटीन-ए रेझिनचे तीन कॉलम, प्रत्येकी फक्त १०० मिलिलिटरचे. पहिला कॉलम पूर्ण भरेपर्यंत, अगदी उतू जाईपर्यंत भरायचा, आणि उतू गेलेली अँटिबॉडी दुसऱ्याने झेलायची. तेवढ्यात तिसरा धुऊन, आम्लाने उतरवून, कॉस्टिकने साफ होऊन पुन्हा रांगेत येतो. जुन्या पद्धतीत मोठा कॉलम असतो आणि माल वाया जायला नको म्हणून तो अर्धवटच भरून थांबतात. लहान प्रमाणातल्या कामात तर त्या महागड्या रेझिनचे चार-पाच वापर होतात आणि पुढे तो कॉलम कपाटात पडून राहतो. इथे एका कॉलमचं भरणं दीड तासाच्या आसपास, दिवसाला १५ भरणी, २४ दिवसांत प्रत्येक कॉलमचे १२० वापर. रेझिन अक्षरशः पिळून वापरलं जातं.

पण रहाटगाडग्याला सुट्टी नसते. हा भाग रिॲक्टरसारखा पूर्ण निर्जंतुक नसतो, नुसता स्वच्छ असतो. आणि प्रथिनाचा पोषक द्रव खोलीच्या तापमानाला तीन-चार आठवडे वाहत ठेवणं म्हणजे जंतूंना आवतण. कॉलम गॅमा किरणांतून आलेले होते, दर फेरीला कॉस्टिक होतं, तरी दर नमुन्याच्या निकालाची वाट मी श्वास रोखून बघत असे.

त्यापुढे विषाणू निष्क्रिय करायची पायरी. उतरवलेला माल ३.५ पीएचच्या आम्लतेला एक तास ठेवायचा. सोपं वाटतं, पण प्रवाह चालू असताना 'एक तास' धरायचा कसा? आम्ही दोन पिशव्यांची जोडी लावली: एक भरत असताना दुसरी मुरत ठेवायची. त्यातही पाचर अशी की भरताना पिशवीच्या वरच्या भागात उडालेला एखादा थेंब आम्लात मिसळलाच नाही, तर त्यातला विषाणू जिवंत राहील. म्हणून आम्ल मिसळून झालं की सगळा माल दुसऱ्या कोरड्या पिशवीत ओतायचा आणि घड्याळ तिथून सुरू करायचं. एका थेंबासाठी एक पिशवी, एक नळी आणि दोन जोड वाढले. माझ्या यादीत तेही धरलेले होते.

१९ व्या रात्री पावणेतीनच्या सुमारास शिफ्टमधला पोरगा म्हणाला, "मॅडम, कॉलम भरायला जास्त वेळ घेतोय. ९६ मिनिटं लागायची, आता १०४ झाली. अलार्म काहीच नाहीये."

अलार्म नव्हता यातच खरी मेख होती. फिल्टरमधून आलेला द्रव आधी १० लिटरच्या एका मधल्या पिशवीत साठतो आणि तिथून कॉलमकडे जातो. पिशवीचं वजन कमी झालं की कॉलमचा पंप आपोआप हळू होतो, म्हणजे पिशवी कोरडी पडत नाही. ही सोय आम्हीच मोठ्या हौसेने घातली होती. आता वाटेत कुठेतरी द्रव गळत होता, पिशवीत कमी येत होता, आणि आमचं शहाणं नियंत्रण निमूटपणे पंप हळू करून वजन जागेवर ठेवत होतं. पडद्यावर सगळं हिरवंगार. रिॲक्टरची पातळीही स्थिर, कारण तिथून द्रव बाहेर जातच होता. पोचत नव्हता इतकंच.

टॉर्च घेऊन नळीवरून बोट फिरवत गेले. फिल्टरमधून द्रव ओढणाऱ्या हार्वेस्ट पंपाच्या डोक्याखाली, झाकणाच्या आड, नळीला केसाएवढी चीर होती आणि खालच्या ट्रेमध्ये लिटरभर पिवळसर द्रव साचलेला. या पंपात रोलर नळीला चेपत पुढे ढकलतात. मिनिटाला २५ फेरे, प्रत्येक फेऱ्याला तीन रोलर, म्हणजे दिवसाला १ लाखाहून जास्त वेळा तोच चार बोटांचा तुकडा चेपला जात होता, तोही अडीच आठवडे. मी १४० जोड मोजले होते आणि हा त्यातला एकही नव्हता. जिथे जोड नव्हता तिथेच नळी गेली.

नळी चिमट्याने बंद केली. द्रव बाहेर जाणं थांबलं म्हणजे माध्यम आत घेणंही थांबवावं लागतं, नाहीतर पिशवी भरून वाहील. आणि माध्यम थांबलं की ६ कोटींच्या दाटीतल्या पेशी उरलेली साखर फस्त करतात. आमच्या हिशेबाने चार तास. एटीएफ मात्र चालूच ठेवला. तो थांबला तर तंतूंमध्ये अडकलेल्या पेशींना ऑक्सिजन मिळत नाही आणि फिल्टरमध्येच त्यांचा चिखल होतो. कॉलमपैकी जो भरत होता तो अर्धाच सोडून बफरने धुवायला लावला.

राखीव नळी कपाटात होती. निर्जंतुक, तारीख बरोबर, दोन्ही सह्या असलेली. वेल्डरमध्ये ठेवली तर बसेना. आतला व्यास तोच, पण बाहेरचा व्यास जास्त. भिंत जाड होती. मागणी करताना आम्ही फक्त आतला व्यास लिहिला होता. वेल्डरला आतल्या व्यासाशी काही घेणंदेणं नसतं, त्याला बाहेरून नळी पकडायची असते. मी दुसरी राखीव नळी काढली तर ती सिलिकॉनची, आणि सिलिकॉन वितळून जुळतच नाही. त्या क्षणी मला १२ वर्षं शिव्या घातलेल्या स्टीलच्या पाइपची फार आठवण आली.

सुटका झाली ती आळसामुळे. मधली पिशवी आली तेव्हा तिला दोन जादा शेपट्या होत्या, टोकाला कनेक्टर लावलेल्या, आणि त्या कापून टाकायचा कंटाळा केल्यामुळे त्या तशाच लोंबत होत्या. तसलीच एक शेपटी फिल्टरच्या बाजूलाही होती. राखीव पिशव्यांमधून नवी पिशवी काढली, तिची शेपटी नव्या पंपावरून घेतली, कनेक्टर समोरासमोर लावले, पट्ट्या ओढल्या. पट्टी ओढताना हात तिरका गेला तर कागद फाटतो आणि कनेक्टर बाद, म्हणून मी त्या पोराला ओढायला लावलं. त्याचा हात माझ्यापेक्षा स्थिर होता. ७० मिनिटांनी प्रवाह पुन्हा सुरू झाला. साखर खाली आली होती, पण शून्यावर गेली नव्हती.

मग खरा प्रश्न: टाकायचं किती? बॅचमध्ये हा प्रश्नच येत नाही. गळती झाली म्हणजे निर्जंतुकपणा गेला, म्हणजे अख्ख्या टाकीवर प्रश्नचिन्ह. इथे आलेख मागे नेऊन पाहिला तर भरण्याचा वेळ रात्री १०:४० पासून वाढत गेलेला दिसत होता. रिॲक्टर फिल्टरच्या तंतूंच्या अलीकडे होता, म्हणून तो वाचला असं धरता येत होतं. पण १०:४० नंतर चिरेवरून गेलेला द्रव त्या क्षणी कुठे कुठे होता? मधल्या पिशवीत, कॉलमवर, आम्लात मुरत असलेल्या पिशवीत, की त्याच्याही पुढे?

याचं उत्तर आमच्याकडे होतं ते एका कंटाळवाण्या प्रयोगामुळे. रन सुरू करण्याआधी आम्ही सगळ्या साखळीतून साधा बफर वाहवला होता, एका टोकाला मिठाचं तीव्र द्रावण थोडंसं सोडलं होतं, आणि प्रत्येक टप्प्यावर वाहकता कधी चढते नि कधी पूर्ण उतरते ते लिहून ठेवलं होतं. १० लिटरच्या पिशवीतून तासाला जेमतेम ३ लिटर वाहतात, तर द्रव तिथे सरासरी सव्वातीन तास रेंगाळतो. आणि त्याच्या तिप्पट वेळ गेला तरी ५ टक्के जुना माल शिल्लकच असतो. म्हणून जुनी पिशवी धुवून काढण्यापेक्षा बदलली ते बरंच झालं. आम्ही सावधगिरी म्हणून १० वाजल्यापासूनचं सगळं धरलं, मुरत असलेली पिशवीही सोडली, आणि साधारण १७ ग्रॅम माल टाकून दिला. संपूर्ण रनच्या १ टक्का.

सकाळी क्यूएच्या, म्हणजे गुणवत्ता हमी विभागाच्या मॅडम आल्या. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "पण बॅच कोणती?" मी त्यांच्याकडे बघत राहिले. बॅचचा अर्थ आम्ही आधी ठरवलेला होता. अखंड उत्पादनावरची आयसीएच या औषधनियमांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची क्यू १३ ही मार्गदर्शिका २०२२ च्या नोव्हेंबरात मंजूर झाली. तिच्यानुसार बॅच बाहेर पडलेल्या मालाच्या प्रमाणावरून, आत गेलेल्या कच्च्या मालाच्या प्रमाणावरून किंवा ठरावीक प्रवाहाने चाललेल्या वेळेवरून ठरवता येते. आम्ही वेळ घेतली होती: सहा-सहा दिवसांच्या चार बॅच. कागदावर साधं होतं. पण १९ वा दिवस तिसऱ्या बॅचचा पहिलाच दिवस, आणि मॅडमना भीती अशी की कॉलम तेच आहेत; तिथे एखादा जंतू बसला असेल तर तो तिसऱ्या बॅचला थांबेल कशाला, चौथीतही येईल. त्यांचं बरोबर होतं. जंतूंच्या चाचणीचा निकाल यायला काही दिवस लागतात, आणि तोवर आम्ही थांबणार नव्हतो. म्हणजे निकाल हातात नसताना आम्ही रोज ७५ लिटर पुढे ढकलत होतो. बॅचच्या काळात निकालाची वाट बघायला टाकी होती. मॅडमनी चौथ्या बॅचवरही 'निकालाधीन' असा शिक्का मारला आणि त्या गेल्या. पाच दिवसांनी निकाल स्वच्छ आले.

बाकीचे दिवस तुलनेने बरे गेले. २५ व्या दिवशी फिल्टरच्या पलीकडे जाणाऱ्या प्रथिनाचं प्रमाण ९५ टक्क्यांवरून ७० वर आलं. छिद्रं बुजत चालली होती आणि आमचीच अँटिबॉडी रिॲक्टरमध्ये अडकून बसत होती. त्यासाठी दुसरा फिल्टर आधीच जोडून ठेवला होता, तो सुरू केला. ३० व्या दिवशी दुपारी माध्यम बंद केलं. एटीएफचा आवाज थांबला तेव्हा दालनातल्या चौघांनीही एकदम वर पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सगळं कापून पिवळ्या पिशव्यांत भरलं. ढीग माझ्या खांद्याएवढा झाला. पाणी, वाफ आणि कॉस्टिक यांचा वाचलेला खर्च धरला तर हे प्लॅस्टिक जाळूनही पर्यावरणाचा हिशेब स्टीलपेक्षा बरा निघतो असं सांगणारे अभ्यास आहेत आणि मला ते पटतात. तरी तो ढीग बघून बरं वाटलं नाही.

चीर गेलेला नळीचा तुकडा मात्र मी टाकला नाही. तो तपासणीसाठी दिला आणि नंतर मागून घेतला. पुढच्या रनच्या कार्यपद्धतीत तीन ओळी वाढल्या आहेत. पंपाखालची नळी दर पाच दिवसांनी सरकवायची. मधल्या पिशवीचं वजन स्थिर असलं तरी पंपाचा वेग १० मिनिटांत ३ टक्क्यांनी कमी झाला तर अलार्म. आणि राखीव नळीच्या मागणीत बाहेरचा व्यास आधी, आतला नंतर. ही शेवटची ओळ शिफ्टमधल्या त्या पोराने लाल शाईने अधोरेखित केली आहे. जोडांची माझी यादी आता १४३ वर गेली आहे.